एकतिसावी मूळ संख्या

भागवतच्या मक्यात घोडा उगवला. चार पाय, मान, शेपूट, सगळं जागच्या जागी. त्याच्यापुढं पहिला नारळ भागवतच्या बायकोनं, वंदनानं, फोडला. हे झालं ऑगस्टात.

तर असं काही झालेलं नाही. मक्यात घोडा उगवत नसतो, मका उगवतो. वरचा परिच्छेद कुणी चुकून वाचला असेल तर त्यानं तो विसरावा, आणि आपण मार्चात जाऊ, भोकरदनपासून जीपनं अर्ध्या तासावरच्या एका गावात. गावाचं नाव सांगत नाही. सांगितलं तर तुम्ही नारळ घेऊन याल, आणि यायचं कशाला, जे झालंच नाही त्याला?

मार्चात रायभान शिंगाडे या गावच्या एका विहिरीपाशी उतरला. सोबत शंभरेक मेंढरं, दोन कुत्री, बायको आसराबाई आणि बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला असलेली मुलगी मोनिका. मागचे तीन उन्हाळे हे बिऱ्हाड पाण्याच्या मागं पार घनसावंगीच्या पलीकडं, गोदावरीपर्यंत गेलं होतं. आसराबाईच्या गुडघ्यानं राजीनामा दिल्यापासून मेंढरांमागं तिसरं माणूस लागायचं, आणि तिसरं माणूस म्हणजे मोनिका. त्यामुळं पहिल्या वर्षाची परीक्षा तिनं दोन हप्त्यांत दिली होती. ही विहीर जूनपर्यंत आटत नसे, आणि भोकरदनचं कॉलेज इथून जीपनं गाठता येई. इथं दर उन्हाळ्याची जागा पक्की झाली तर मोनिकाचं शिक्षण होणार होतं. नाही झाली तर गोदावरी होतीच.

विहीर दोन भावांची होती, भुजंग आणि भागवत. बारा वर्षांपूर्वी त्यांच्या वाटण्या झाल्या. जमीन, बैल, भांडी, बापाचं घड्याळ, सगळं वाटलं गेलं. विहीर तेवढी समाईक राहिली, कारण ती मधोमध कापता येईना. तेव्हापासून विहिरीवर कुणी उतरायचं ते दोघांच्या संमतीनं, आणि दोघांची संमती ही त्या गावात पाण्याहून दुर्मीळ गोष्ट होती.

सौदा नेहमीचाच. रात्री मेंढरं शेतात बसवायची, लेंड्या आणि मूत शेताला. बदल्यात पाणी आणि बिऱ्हाडाला जागा. मेंढरांभोवती दोरीची जाळी लावतात, तिला वाघूर म्हणतात. रायभानची वाघूर वीस फूट लांब, वीस फूट रुंद बसे. भावांची शेतं बांधाला बांध लागून: पश्चिमेला भुजंगचं, पूर्वेला भागवतचं. दोन्ही सारखीच चौरस, एकेक एकर चार-चार गुंठे. अशा शेतात वाघुरीचे चौकोन पडतात अकरा ओळी, अकरा रांगा, म्हणजे एकशे एकवीस. ठरलं असं की एप्रिल महिना भुजंगच्या शेतात बसायचं, मे महिना भागवतच्या.

“तीस रात्री, तीस चौकोन,” रायभान बांधावर उभा राहून म्हणाला. “विहिरीकडून सुरू करतो, ओळीनं जातो.”

“मंग पाव शेत खाऊन सुस्त आन् पाऊण शेत उपाशी?” भुजंगअण्णा म्हणाला. “न्हाई जमायचं. सगळीकडं थोडं थोडं पायजे. पण मनाला यील तसं बी न्हाई. कायतरी नियम पायजे.”

भुजंगअण्णा एकदा पाच वर्षं ग्रामपंचायतीचा सदस्य होता. सदस्यपद गेलं, पण कागदाची सवय राहिली. त्याच्या घरात स्वतःचं आवक-जावक रजिस्टर होतं. जावक भरपूर होती.

“नियम हाय माझ्याकडं, अण्णा,” मोनिका म्हणाली.

आता हा नियम तिनं सौद्यासाठी काढलेला नव्हता. तो तिच्या डोक्यात जानेवारीपासून बसून होता. कॉलेजात सर बोलता बोलता म्हणाले होते की आकडे चौकोनी चकलीसारखे मधून बाहेर गोल गोल लिहीत गेलं, तर मूळ संख्या तिरप्या रेघांवर गोळा होतात, आणि असं का, हे पुरतं अजून कुणाला सांगता आलेलं नाही. मग सर म्हणाले, हे परीक्षेला नाही, आणि पुढच्या धड्याकडं वळले. मोनिका वळली नाही. तिनं वहीत चकली काढली. रेघा दिसल्या. पण मग तिला शंका आली. आपण रेघा बघायला बसलो म्हणून तर दिसत नाहीत? मेंढरांच्या पाठीवरसुद्धा माय कधी कधी महादेवाची पिंड बघते. खरं-खोटं करायचं तर शेजारी दुसरी चकली पाहिजे, तेवढेच ठिपके, पण नुसते नशिबानं पडलेले. आणि बघणारा असा पाहिजे की ज्याला कोणती कुठली ते माहीत नाही. असा बघणारा तिला बिऱ्हाडात सापडेना. कुत्र्यांना रस नव्हता.

तिनं फक्कीची पिशवी घेतली आणि मातीत पांढरे आकडे काढले.

“मधोमध एक. त्याच्या उजवीकडं दोन. मंग वर तीन, डावीकडं चार, पाच, खाली सहा, सात, परत उजवीकडं आठ, नऊ. असं फिरत फिरत शेत संपेस्तोवर. खालच्या कोपऱ्यात एकशे एकवीस.”

“आन् मेंढरं कुठं बसवती?”

“फक्त मूळ संख्यांवर. म्हंजे जी दुसऱ्या कशानं भागली जात न्हाई. बारा मेंढरं दोन ओळींत बराबर उभी ऱ्हातात, तीनमधी बी ऱ्हातात. तेरा कशातच ऱ्हात न्हाईत. एक उरतंच.”

“हे तर मला ठावं हाय,” रायभान म्हणाला. त्याला गणितातलं काही ठाऊक आहे हे त्यालाही नवीन होतं. “तो भांडणाचा आकडा. वाटणीला बारा कोकरं आली तर कितीबी भाऊ असूद्या, कायतरी तोड निघती. तेरा आली की एक उरतं, आन् त्या एकावरून डोकी फुटतात. आमच्या चुलत्यांचं सतरावरून झाल्तं. अजून बोलत न्हाईत.”

भुजंगअण्णानं बांधापलीकडं भावाच्या शेताकडं बघितलं. मूळ संख्या म्हणजे काय हे त्याला इतकं लवकर आणि इतकं आतून कळलं की कॉलेजात सरांनाही कधी तसं कळवता आलं नव्हतं.

“आन् अण्णा,” मोनिका म्हणाली, “एकशे एकवीसपर्यंत अशा संख्या बराबर तीस हायेत. एप्रिलच्या रात्री बी तीस.”

हे तिला रात्री मोजताना सापडलं होतं आणि तेव्हापासून तिला जग कुणीतरी हिशेबानं आखलंय असा दाट संशय होता.

बांधाच्या पलीकडं भागवत पाठ करून उभा होता. भाऊ बोलत असला की तो नेहमी पाठ करून ऐकायचा. तो वळला नाही, पण म्हणाला, “रायभान, त्याला शास्त्र देऊ दे. मला शास्त्र नको. चिठ्ठ्या टाका. माझ्या शेताचं काय व्हायचं ते देव बघून घील.”

मोनिकाला आनंदानं ओरडावंसं वाटलं. दुसरी चकली आपल्या पायानं चालत आली होती. आणि बघणाराही मिळाला होता: मका. जूनमध्ये दोन्ही शेतांत मका पडणार होता, लेंडी मिळालेल्या चौकोनात तो काळाभोर होणार, बाकीच्यात पिवळट राहणार. मक्यानं पुस्तक वाचलेलं नव्हतं. त्याला काय बघायचंय हे त्याला माहीत नव्हतं.

भुजंगअण्णानं त्याच दिवशी शंभराचा बाँड आणला आणि त्यावर लिहून घेतलं: माझ्या शेतात एकशे एकवीसपर्यंत जितक्या मूळ संख्या, तितक्या रात्री. भागवतनं लिहून दिलं: माझ्या शेतात मे महिन्याच्या जितक्या रात्री, तितक्या. दोघांनी सह्या केल्या. हे वाक्य वाचताना ज्याला काही खटकलं असेल तो हुशार आहे. तिथं कुणाला खटकलं नाही.

एप्रिल सुरू झाला. पहिल्या रात्री मेंढरं दोनवर बसली, दुसऱ्या रात्री तीनवर, तिसऱ्या रात्री पाचवर. रोज संध्याकाळी रायभान वाघूर उपसायचा आणि विचारायचा, “आज कुठं?” मोनिका सांगायची. त्याला हळूहळू नाद लागला. एक सोडून एक येणाऱ्या जोड्या त्याला आवडायच्या, एकोणतीस-एकतीस, एक्केचाळीस-त्रेचाळीस. वाघूर फार हलवावी लागत नसे. “जोडी आली, जोडी!” असं तो आसराबाईला लांबून ओरडून सांगायचा. एकोणनव्वदनंतर मात्र थेट सत्त्याण्णव आला, आणि सगळा कळप उजव्या कडेवरून उचलून वर डावीकडं न्यावा लागला.

“मधल्या सात आकड्यात एकपण न्हाई?” रायभान खुंट्या खांद्यावर घेऊन म्हणाला. “परत मोज.”

“मोजलं, आबा.”

“तुह्या त्या शास्त्रात कुणी देखरेख करतं का न्हाई?”

मेंढरं चालता चालता भलत्या चौकोनांतही लेंड्या टाकायची. चोविसावर एकदा फार झालं. मोनिकानं वहीत ‘प्रयोगातील त्रुटी’ असं लिहिलं आणि त्या मेंढीकडं बघितलं. मेंढीला त्रुटीचं काही वाटलं नाही. तिसाव्या रात्री एकशे तेरावर बसून एप्रिल संपला.

मे महिन्यात भागवतच्या शेतात चिठ्ठ्या. वंदनाकाकूंनी स्टीलच्या घागरीत एकशे एकवीस चिठ्ठ्या टाकल्या आणि रोज संध्याकाळी डोळे मिटून एक काढायची, असं ठरलं. पाचव्या दिवशी चिठ्ठी निघाली ती नेमकी आदल्या दिवशीच्या चौकोनाला लागून. वंदनाकाकूंनी ती परत घागरीत टाकायला हात नेला.

“काकू, असं न्हाई करायचं!”

“अगं, कालच तिथं बसलीत ना. परत त्याच्याच बाजूला? बराबर दिसत न्हाई.”

“बराबर दिसायलाच नको. चिठ्ठीला कालचं आठवत न्हाई.”

“माझ्या नवऱ्यावानीच हाय मंग,” वंदनाकाकू म्हणाल्या आणि चिठ्ठी मोनिकाच्या हातात दिली.

त्या महिन्यात असं पुष्कळदा झालं. चौकोन एकमेकांना चिकटून पडायचे, मग दुसरीकडं मोठी जागा रिकामी राहायची. भागवतला काळजी वाटली, देव त्याच्या शेतात एकाच कोपऱ्यात का घुटमळतोय म्हणून. मोनिकानं वहीत लिहून ठेवलं: नशीब सारखं पसरत नाही, गठ्ठ्यानं पडतं. आणि खाली स्वतःलाच विचारलं: मग मूळ संख्या गठ्ठ्यानं का पडल्या नाहीत?

उत्तर तिला मेंढरं पाण्यावर नेताना सापडलं. चकलीत विषम आकडे बुद्धिबळाच्या पटातल्या काळ्या घरांवर पडतात, सम आकडे पांढऱ्या. दोन सोडला तर सगळ्या मूळ संख्या विषम. म्हणजे त्या एकमेकींना फक्त कोपऱ्यानं शिवणार, भिंतीला भिंत कधीच लावणार नाहीत. एकटा दोन तेवढा सम, म्हणून तो तीनच्या आणि अकराच्या भिंतीला भिंत लावून बसलेला. तिला इतका आनंद झाला की तिनं हे समोरच्या मेंढीला सांगितलं. चोविसावरचीच ती. पण पटानं निम्मंच कोडं सुटत होतं. काळ्या घरांमध्येसुद्धा मूळ संख्या काही तिरप्या रेघांवर जास्त जमतात आणि काहींवर कमी, ते का? ते पाणी पिऊन झालं तरी सापडलं नाही.

पेरण्या झाल्या. मेंढरं गावच्या गायरानात गेली. ऑगस्टात मका कमरेला लागला आणि त्यावर लष्करी अळी पडली, म्हणून दोन्ही भावांनी, वेगवेगळ्या दिवशी अर्थातच, फवारणीच्या ड्रोनवाल्या आदिनाथला बोलावलं. आदिनाथनं भागवतचं शेत फवारताना वरून फोटो काढला, त्यात शेजारचंही शेत आलं, आणि त्यानं तो गावच्या ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं: हे काय आहे?

सगळ्यात आधी वंदनाकाकूंना दिसलं. “घोडा!”

आता इलाज नाही. पहिला परिच्छेद परत आठवावा लागेल.

होता घोडा. हिरव्या चौकोनांचा, जरा डोक्यानं मोठा, पण घोडा. “खंडोबाचा,” भागवत म्हणाला. “दुसऱ्या कुणाचा असंल?” एकतीस हिरव्या चौकोनांपैकी बावीस घोड्यात बसले. उरलेले नऊ इकडंतिकडं पडले होते, त्यांना घोड्याचा चारा ठरवण्यात आलं. संध्याकाळपर्यंत बांधावर चपलांची रांग लागली. नारळ फुटले. वरून बघितल्याशिवाय घोडा दिसत नव्हता, म्हणून लोक मक्याला नमस्कार करून मोबाईलमध्ये घोडा बघायचे.

मोनिका बांधावरच बसली होती, पण ती फोटोच्या डाव्या अर्ध्याकडं बघत होती. भुजंगअण्णाच्या शेतात वरच्या डाव्या बाजूनं एक तिरपी रेघ खाली उजवीकडं उतरत होती. नऊ चौकोनांची. तिनं आकडे मोजले. एकशे तीन, सदुसष्ट, मग एकोणचाळीस रिकामा, तेर त्रिक म्हणून; पुढं एकोणीस, सात, तेवीस, सत्तेचाळीस, एकोणऐंशी, आणि शेवटी एकशे एकोणीस रिकामा, सात सतरे म्हणून. नवातले सात हिरवे. मक्यानं पुस्तक न वाचता दाखवलं होतं.  तिनं फोन शेजारी बसलेल्या बाईंना दाखवला.

“रेघ दिसती का, मावशी?”

“कुठं? … हां. पाण्याची पाइपलाइन गेली असंल,” मावशी म्हणाल्या आणि घोड्याकडं वळल्या.

दुसऱ्या दिवशी मोनिका वंदनाकाकूंच्या ओट्यावर घागर घेऊन बसली. “काकू, एकतीस चिठ्ठ्या परत काढू. कागदावर.” काढल्या, चौकोन रंगवले, कागद दारातल्या बायकांना दाखवला.

“कोंबडी,” बायका एकमतानं म्हणाल्या.

चिठ्ठ्या परत टाकून परत काढल्या. “स्कूटी. स्टँडला लावल्याली.” तिसऱ्यांदा काढल्या. एक म्हातारा चष्मा सावरून म्हणाला, “जालना जिल्हा. परतूर जरा मोठं झालंय.”

“बघा,” मोनिका म्हणाली. “नशिबानं कायबी टाकलं तरी गठ्ठे पडतात, आन् गठ्ठ्यात आपल्याला पायजे ते दिसतं. खरी नक्षी अण्णाच्या शेतात हाय. ती दर वेळी तीच येणार. दुसऱ्या गावात काढली, दुसऱ्या देशात काढली, तरी तीच.”

वंदनाकाकूंनी विचार केला. “दर वेळी तेच यील त्यात देवाचं काय राह्यलं मंग?” त्या म्हणाल्या. “घोडा आपल्याकडंच आला ना?”

 मोनिकानं कोंबडी, स्कूटी आणि जिल्हा वहीत ठेवून दिले.

घोटाळा झाला तो मोजण्यामुळं. बावीस घोड्याचे आणि नऊ चाऱ्याचे, हे आकडे गावात इतके फिरले की ते भुजंगअण्णाच्या कानावर गेले. अण्णानं बेरीज केली. मग स्वतःच्या शेतातले हिरवे चौकोन मोजले. मग पेटी उघडून बाँड काढला आणि गायरानात आला. त्याच्या मागोमाग, पाठ न करता या वेळी, भागवतही आला.

“एकतीस!” अण्णा म्हणाला. “त्याला एकतीस रात्री, मला तीस. त्याच्यात घोडा, माझ्यात पाइपलाइन. आन् हे बघ, रायभान.” त्यानं फोटोवर बोट ठेवलं. “माझ्या शेताच्या बराबर मधोमध पिवळा ठिपका. नाकावर चामखीळ असावी तसा. तुह्या पोरीनं एक नंबर सोडला.”

“मे महिना एकतिसाचा हाय, त्यात माझी काय चूक?” भागवत म्हणाला. “बाँड वाच. मूळ संख्या जितक्या, तितक्या रात्री. तूच लिवला.”

“मंग माझी एक रात्र बाकी हाय. पुढच्या साली ती आधी द्या. न्हाई दिली तर विहिरीवर माझी संमती न्हाई. बिलकुल न्हाई.”

“एक रात्र काय, अण्णा, देऊन टाकतो,” रायभान म्हणाला.

“कशी देतो?” भागवत गुरगुरला. “मूळ संख्या संपल्या. बाँडाबाहेर त्याला एक लेंडी जास्त पडली तर माझी संमती न्हाई.”

आसराबाई चुलीपाशी होती. तिनं गुडघ्यावर हात ठेवला. मोनिकानं ते बघितलं. गोदावरीचा सगळा रस्ता त्या हातात होता.

“पुढची मूळ संख्या कोणती?” अण्णानं विचारलं.

“एकशे सत्तावीस,” मोनिका म्हणाली.

“मंग तीवर बसवा!”

“ती शेताबाहेर पडती, अण्णा. बांध ओलांडून. भागवतकाकाच्या मक्यात.”

 भागवतच्या चेहऱ्यावर गेल्या बारा वर्षांतलं सगळ्यात मोठं समाधान पसरलं.

“बरं मंग एक!” अण्णा म्हणाला. “एक काहून मूळ न्हाई? त्याला कशानं भाग जातो? एक मेंढी वाटून दाखव मला दोन भावांत.”

हा प्रश्न मोनिकानंही पहिल्या वर्षी विचारला होता. “मूळ संख्येला दोनच वाटेकरी लागतात, अण्णा. एक, आन् ती स्वतः. तेराला एक आन् तेरा. एकाला एकच वाटेकरी, तो स्वतःच.”

“म्हंजे बराबरच हाय,” रायभान हळूच म्हणाला. “एकाला भाऊच न्हाई. त्याचं भांडण व्हणार कुणाशी?”

“हे कुणी ठरवलं?”

“सगळ्यांनी मिळून. एकाला आत घेतलं तर तो कुठल्याबी संख्येच्या घरात कितीबी वेळा जाऊन बसंल. बारा म्हंजे दोन दोन तीन. एक मूळ झाला तर दोन दोन तीन एक, न्हाईतर दोन दोन तीन एक एक एक. त्याला कुणी उठवायचं?”

“सगळ्यांनी ठरवलं,” अण्णा थंडपणे म्हणाला. “मला कुणी विचारलं? ग्रामसभा झाली? हरकती मागवल्या?”

“न्हाई.”

“मंग ठराव बेकायदेशीर हाय.”

भागवत हसला. “सरकारनं लेखी दिलं की एक मूळ संख्या हाय, तर घे तुही रात्र. माझी काही हरकत न्हाई. बाँडातच बसती.”

तो हे टोचायला म्हणाला. पण मोनिकाच्या डोक्यात काहीतरी जागचं हललं, चकलीत तिरपी रेघ पहिल्यांदा दिसली होती तसं. भागवतला मेंढरं पाहिजेच होती. घोडा झाला, पुढच्या साली वरचा स्वार उगवेल अशी त्याला आशा होती. अडून बसला होता तो अण्णा. आणि अण्णाला रात्रीपेक्षाही काही गोड होतं.

“अण्णा,” ती म्हणाली, “अर्ज करू या.”

अण्णाच्या डोळ्यांत पाणी तरळलं असं म्हणणं अतिशयोक्ती होईल, पण तो खाली बसला. “कुणाकडं?”

“तहसीलदार साहेबांकडं. मी लिहिते. पण तवर काय करायचं हे बी लिवून ठेवू. प्रकरण चालू असताना कुणाला उठवता येत न्हाई, असंच असतं ना?”

“असंच असतं,” अण्णा जाणकारासारखा म्हणाला. “जैसे थे.”

तिथंच बाँडाच्या मागं तिनं एक ओळ लिहिली: सदर अर्जाचा निकाल लागेपर्यंत रायभान शिंगाडे यांची मेंढरं दर उन्हाळ्यात समाईक विहिरीपाशी बसतील व आलटून पालटून दोन्ही शेतांत राहतील. भागवतनं स्वाराचा विचार करत सही केली. अण्णानं जावक क्रमांक आठवत सही केली.

दोघं गेल्यावर आसराबाईनं विचारलं, “निकाल कधी लागतो गं अशाचा?”

“गणितात काही गोष्टींचा दोनशे वर्षं लागला न्हाई, माय.”

“आन् तहसीलात?”

“दोन्ही मिळून धर.”

आसराबाईनं गुडघ्यावरचा हात काढला आणि भाकरी उलटली. मोनिकानं वहीतून कोरा कागद फाडला. लिहिताना तिला वाईट एवढंच वाटलं की एक मूळ नाही हे तिला स्वतःला पटलेलं होतं, आणि तरी त्याची बाजू मांडताना तिला मजा येत होती. अर्ज दुसऱ्या दिवशी पोचता झाला, तो असा:

प्रति,
मा. तहसीलदार साहेब यांचे सेवेशी

विषय : १ या संख्येस मूळ संख्येचा दर्जा मिळणेबाबत.

महोदय,

वरील विषयान्वये अर्ज सादर करतो की, १ ही संख्या अर्जदाराच्या मालकीच्या शेताच्या मध्यभागी पूर्वापार असून तिची चतुःसीमा खालीलप्रमाणे आहे : पूर्वेस २, उत्तरेस ४, पश्चिमेस ६, दक्षिणेस ८. पैकी २ ही संख्या स्वतः मूळ असून तिच्याकडून आजतागायत कोणतीही हरकत प्राप्त नाही. सदर १ ही संख्या अन्य कोणत्याही संख्येने भागली जात नाही, तिचा कोणाशी वाद नाही, व तिला वगळण्याचा निर्णय घेताना स्थानिक शेतकऱ्यांचे म्हणणे ऐकून घेण्यात आलेले नाही. यामुळे अर्जदाराच्या शेतात एक रात्र व एक चौकोन यांचे कायमस्वरूपी नुकसान झाले आहे.

तरी मा. साहेबांनी मंडळ अधिकाऱ्यांमार्फत सदर संख्येची स्थळपाहणी करून, तिला गेल्या १ एप्रिलपासून पूर्वलक्षी प्रभावाने मूळ संख्या म्हणून मान्यता द्यावी, तसा फेरफार सर्व पाठ्यपुस्तकांत घ्यावा, व त्याची एक साक्षांकित प्रत अर्जदारास विनामूल्य देण्यात यावी, ही नम्र विनंती.